विचार करतानाचा फोटो

विचार करणारं मूल आणि नुसतं बसलेलं मूल यांच्यात बाहेरून काडीचाही फरक दिसत नाही. दोघांचं तोंड अर्धवट उघडं असतं, दोघांची नजर पंख्यावर असते आणि दोघंही पेन्सिलीचं मागचं टोक चावत असतात. हा फरक ओळखायला शिकण्यात माझी उभी हयात गेली. तेव्हा आमच्या इमारतीच्या अध्यक्षांना तो खिडकीतून डोकावून एका नजरेत कळावा, अशी माझी अपेक्षाच नव्हती. त्यांनी मात्र एका नजरेत निकालच देऊन टाकला. "बाई, तुमच्या वर्गात काही होतच नाही," असं ते मला लिफ्टमध्ये म्हणाले. लिफ्टमध्ये माणसाला अशा गोष्टीचं उत्तर देता येत नाही. आपण श्वास घेऊन सुरुवात करेपर्यंत मजला येतो आणि समोरचा माणूस सभ्यपणे बाहेर पडतो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. तळमजल्यावर मीटरच्या खोलीला लागून जी खोली आहे, आणि जिथे मी दुपारी इमारतीतल्या मुलांना घेऊन बसते, ती खोली सगळ्यांची आहे. तिथे व्यायामाची यंत्रं बसवावीत असा ठराव येत्या सभेत यायचा होता. डॉक्टरांनी अध्यक्षांना चालायला सांगितलं होतं. पण रस्त्यावर चाललं की माणूस कुठेतरी पोचतो, आणि मग तिथून परत यावं लागतं. यंत्रावर तासन्‌तास चाललं तरी जागचं हलावं लागत नाही. जन्मभर पाणीपुरवठा खात्यात मोठ्या हुद्द्यावर काढलेल्या माणसाला ही कल्पना मनापासून पटली, यात नवल नाही.

"आम्ही काही हुकूमशहा नाही," ते पुढच्या भेटीत म्हणाले. "तुमची ती वेबसाइट आहे ना? तिच्यावर फोटो टाका, व्हिडिओ टाका. सभेत पडद्यावर लावू. सभासदांनी बघावं काय चालतं ते, आणि ठरवावं."

वेबसाइट होती खरी. माझ्या भाच्याने हौसेने करून दिलेली. तिच्यावर माझं नाव, वर्गाची वेळ आणि एका सूर्यफुलाचा भला मोठा फोटो होता. त्या सूर्यफुलाचा माझ्याशी काय संबंध, हे मी भाच्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता की जागा रिकामी दिसत होती. आता त्या रिकाम्या जागेवर माझ्या वर्गाचं जीवनमरण अवलंबून राहणार होतं. मी त्याला फोन केला आणि फोटो-व्हिडिओंची एक गॅलरी हवी आहे, असं सांगितलं. माझी समजूत अशी होती की तो "बरं" म्हणेल आणि फोन ठेवेल.

तो म्हणाला, "कुठल्या प्रकारची, मावशी?"

इथून माझ्या हालांना सुरुवात झाली. गॅलरीचे इतके प्रकार असतात हे आजवर कुणीही मला सांगितलं नव्हतं, आणि मी सुखी होते. त्याने नमुने पाठवले. एका नमुन्यात फोटो सारख्या चौकटींत बसले होते, प्रार्थनेला रांगेने उभे केल्यासारखे. दुसऱ्यात ते आपोआप सरकत होते. एखादा आवडून मी चष्मा सावरेपर्यंत तो निघून गेलेला असायचा आणि त्याच्या जागी अनोळखी कुटुंब हसत असायचं. तिसऱ्यात लहानमोठे फोटो एकमेकांच्या खांद्यावर चढले होते. आणखी एक प्रकार असा होता की फोटोला बोट लावलं की बाकीचं जग काळं व्हायचं आणि तो एकच फोटो अंगावर यायचा. परत यायचं तर कोपऱ्यात मुंगीएवढी फुली शोधून ती दाबायची. त्या फुलीच्या शोधात माझी एक सबंध सकाळ गेली. शेवटी मी फोन बंद करून परत लावला.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. समोरच्या काकू आल्या. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच लहान आहेत, पण सगळी इमारत त्यांना काकू म्हणते म्हणून मीही म्हणते. त्यांच्या मते सरकती गॅलरीच घ्यावी, कारण थांबलेल्या फोटोत लोक दोष शोधतात, सरकत्या फोटोत त्यांना तेवढी सवड मिळत नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटले, तेव्हा त्यांनी चौकटींचा आग्रह धरला, कारण चौकटी मोजता येतात. आमच्या ह्यांना काळी हवी होती. काळ्या पार्श्वभूमीवर साधा पाण्याचा पिंपसुद्धा कलाकृती वाटतो, असं ह्यांचं मत. यावरून आमच्या घरात अबोला धरला गेला, आणि काकू व सेक्रेटरी यांच्यात तर जिन्यातच शब्दाला शब्द वाढला. वेबसाइट माझी होती, वर्ग माझा होता. मला काय हवं हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं असंही नाही.

शेवटी भाच्याने पेच सोडवला. या सगळ्यांत एकच गॅलरी फुकट होती. ज्या प्रश्नावर माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, तो एका शब्दात सुटला. "फुकटातल्याला थोड्या मर्यादा असतात हं, मावशी," भाचा म्हणाला. मी म्हटलं, मर्यादा सगळ्यांनाच असतात. त्या कुठल्या हे तो सांगणार, तेवढ्यात त्याला साहेबांनी बोलावलं.

आता फोटो. ही जबाबदारी ह्यांनी न मागता घेतली. निवृत्त झाल्यापासून हे फोटो काढतात, पण त्यांचा विषय ठरलेला आहे, आणि तो विषय म्हणजे पुरावा. गळका नळ, भरदुपारी जिन्यात जळणारा दिवा, दुसऱ्याच्या जागेत उभी केलेली गाडी, असं काही दिसलं की हे थांबतात, तीन बाजूंनी फोटो घेतात आणि समाधानाने पुढे जातात. त्या पुराव्यांचं पुढे काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. माणसांचे फोटो हे सहसा काढत नाहीत, कारण माणसं हलतात.

वर्गातली मुलं हलत नव्हती. हीच तर अडचण होती. माझी शिकवण्याची पद्धत सांगायला सोपी आणि बघायला कंटाळवाणी आहे. मी मुलांना एक प्रश्न देते आणि गप्प बसते. मुलं आधी ओरडतात, मग भांडतात, मग तीही गप्प बसतात. उत्तर मी सांगत नाही. सांगितलेलं उत्तर मुलं दारातच विसरून जातात. स्वतः काढलेलं मात्र कुणी काढून घेऊ म्हटलं तरी देत नाहीत. या पद्धतीने मी बरीच मुलं शहाणी केली आहेत, पण त्या शहाणपणाचा फोटो येत नाही. ह्यांनी काढलेल्या पहिल्या फोटोंत मुलं दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी दिसत होती, आणि मी आतून हाक यायची वाट बघणारी त्यांची आजी.

त्यात सेक्रेटरींनी आठवण करून दिली की मुलांचे चेहरे दाखवायचे तर पालकांची लेखी परवानगी लागेल. मी चिठ्ठ्या पाठवल्या. आलेली उत्तरं वाचून मला माणूस या प्राण्याविषयी नव्याने कुतूहल वाटलं. एका वडिलांची हरकत नव्हती, फक्त मुलगा मधोमध हवा. एका आईचं म्हणणं, मुलीचा चेहरा दिसू नये, पण अक्षर दिसावं, कारण अक्षराला बक्षीस आहे. एकीने केस कापून होईपर्यंत थांबायला सांगितलं. आणि दोन घरांनी एकमेकांचं मूल नसेल तरच परवानगी दिली होती. या सगळ्यातून ह्यांनी मार्ग काढला. फोनमध्ये कुठेतरी हसऱ्या सूर्याचं चित्र मिळतं, ते त्यांनी प्रत्येक चेहऱ्यावर बसवलं. आता फोटोत चटईवर एक अख्खी सूर्यांची पंगत बसली होती आणि फळ्यापाशी उभी राहून मी त्यांना बेरीज शिकवत होते. अध्यक्षांना दाखवला असता तर त्यांना सभा घ्यायचीही गरज पडली नसती.

मी हात टेकले, तेव्हा काकूंनी सूत्रं हातात घेतली.

काकू आमच्याच इमारतीतल्या दंतवैद्यांच्या दवाखान्यात भेटीच्या वेळा सांभाळतात. त्यांनी तिथून पांढरे कोट आणले आणि तोंडाला बांधायचे मास्क आणले. मास्कमुळे परवानगीचा प्रश्न एका फटक्यात मिटला, हे त्यांचं कसब मला मान्य करावंच लागेल. सेक्रेटरींनी दिवाणखान्यातला पृथ्वीचा गोल दिला. तो पडून फुटल्यावर डिंकाने चिकटवला होता, त्यामुळे फिरत नव्हता. पण फोटोत कुठे काय फिरतं, असं काकू म्हणाल्या. रंगपेटीतले रंग कालवून दोन काचेच्या ग्लासांत लाल आणि निळं पाणी केलं. कोट मोठ्या माणसांच्या मापाचे होते, त्यामुळे मुलांच्या बाह्या ग्लासांत बुडत होत्या आणि मुलं चालली की खोली झाडली जात होती.

काकूंनी दिग्दर्शन असं केलं की मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि माझ्याच वर्गात कुणाच्या पायात येऊ नये म्हणून जपत राहिले. एकाला त्यांनी पृथ्वीवर बोट ठेवायला सांगितलं. दुसऱ्याला सांगितलं, तू चकित हो.

"कशाने?" त्याने विचारलं.

"कशानेही हो. फोटोत विषय दिसत नाही, चकित झालेलं दिसतं."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. शिक्षणावरच्या जाडजाड अहवालांत मी यापेक्षा खरं वाक्य वाचलेलं नाही.

या मुलांत अध्यक्षांची नात होती. उंच, शिडशिडीत, आणि प्रश्न विचारताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची खोड असलेली. अध्यक्षांना ती माझ्याकडे येते हे माहीत होतं, पण सुनेपुढे त्यांचं चालत नसे. तिने मास्क हनुवटीवर ओढला आणि मला विचारलं, "बाई, आपण हे रोज करत नाही ना? मग फोटोत का करायचं?"

मी तिला समजावलं. सविस्तर समजावलं. मोठ्या माणसांना घाई असते, खोली वाचवायची आहे, दाखवावं लागतं, जगाची रीत, वगैरे. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे खोटं." मी म्हटलं, खोटं नाही, नमुन्यादाखल. तिने मान हलवली. मोठ्यांची समजूत काढताना मुलं हलवतात तशी.

काकू कोट गोळा करून गेल्या, हे चहाला वर गेले, आणि खोलीत मुलं, मी आणि ते दोन ग्लास उरलो. सबंध दुपार नाटकात गेल्याने मला फार लाज वाटत होती. ते रंगीत पाणी मोरीत ओतायला मी ग्लास उचलले आणि तेवढ्यात एक जुना प्रश्न आठवला. मी चमचा घेतला. लाल पाणी चमचाभर घेऊन निळ्या ग्लासात टाकलं आणि ढवळलं. मग त्या ढवळलेल्या पाण्याचा एक चमचा परत लाल ग्लासात टाकला. दोन्ही ग्लास पुन्हा पहिल्याइतके भरले.

"आता सांगा," मी म्हटलं, "निळ्यात शिरलेलं लाल जास्त, की लालमध्ये शिरलेलं निळं जास्त?"

मुलं ओरडली, भांडली आणि गप्प झाली. वर्ग पुन्हा माझा झाला. अध्यक्षांची नात ग्लासांसमोर मांडी घालून बसली आणि बघत राहिली. कुणीतरी खोकलं, कुणीतरी कूस बदलली. ती बसूनच होती. एवढी सुंदर शांतता माझ्या वाट्याला बऱ्याच दिवसांत आली नव्हती. ह्यांचा फोन फडताळावर उभा होता आणि तो अजून चित्रण करतो आहे, हे मला माहीत नव्हतं. ह्यांनी जाताना तो बंद केला होता, म्हणजे बंद करायचं बटण समजून चालू करायचं दाबलं होतं.

फोटो चढवायचं कामही ह्यांनीच केलं. भाच्याने फोनवरून सगळं सांगितलं होतं, पण एकेक फोटो निवडत बसणं ह्यांना पसंत नाही. तिथे "सगळे निवडा" असं बटण होतं, ते ह्यांनी दाबलं. गॅलरीला मथळा दिला, "आमच्या वर्गातील उपक्रम". मी उघडून बघितली, पहिल्याच फोटोत पांढऱ्या कोटातली मुलं न फिरणाऱ्या पृथ्वीला चकित होऊन बघत होती. मला पुढे बघवलं नाही. मी ती मुंगीएवढी फुली दाबून बाहेर आले. बघायला हवं होतं.

सभा पार्किंगमध्ये होती. दोन खांबांना पांढरी चादर बांधली होती. पहिले फोटो झकास गेले. सभासदांत कौतुकाची कुजबुज झाली, दंतवैद्यांनी खिशावरचा शाईचा डाग बघून आपला कोट ओळखला, पण ते सभ्य गृहस्थ आहेत, काकूंकडे एकदा बघून ते चादरीकडे वळले. अध्यक्ष खुर्चीत अस्वस्थ झाले. व्यायामशाळा हातची जाते की काय, असं त्यांना वाटलं असावं. मीही क्षणभर मान ताठ केली.

मग "आमच्या वर्गातील उपक्रम" या मथळ्याखाली एक गळका नळ आला.

त्यामागून आणखी एक नळ आला, मग भरदुपारी जळणारा जिन्यातला दिवा. सभासदांनी तोवर हे विज्ञानाचे प्रयोग समजून माना डोलावल्या. त्यानंतर फाटक अडवून उभी असलेली एक गाडी आली. समोरून आली, बाजूने आली, आणि एका कोपऱ्यात ह्यांच्या अंगठ्यासकट आली. प्रत्येक फोटोखाली ह्यांनी लिहून ठेवलं होतं, "पुरावा". गाडी अध्यक्षांची होती. सभेत जी शांतता पसरली ती शैक्षणिक नव्हती. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. आमच्या संसाराची इमारत अशा न बघण्यावरच उभी आहे.

"पुढे घ्या," अध्यक्ष म्हणाले.

पुढे व्हिडिओ होता. चादरीवर दोन ग्लास दिसले, माझा आवाज आला, चमचा गेला, चमचा आला, प्रश्न विचारला गेला. मग काहीच होईना. एक मुलगी पाठमोरी बसली होती आणि हलत नव्हती. कुणीतरी म्हणालं, व्हिडिओ अडकलाय. ह्यांनी सांगितलं, नाही, मागचा पंखा फिरतोय बघा. खरोखरच पंखा फिरत होता. सगळी इमारत पार्किंगमध्ये बसून एका पाठमोऱ्या मुलीकडे बघत होती, आणि मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. माझा वर्ग जसा आहे तसा, कोटाशिवाय, मास्कशिवाय, काहीही न होता, चादरभर पसरला होता.

"ही आमची आहे," अध्यक्ष म्हणाले. "करतेय काय ती?"

त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, कारण सेक्रेटरी स्वतःशीच पुटपुटले होते की निळ्यात लाल जास्त, यात विचार कसला करायचा. ते दंतवैद्यांनी ऐकलं. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी रोज भांड्यात काय काय कालवावं लागतं याचा दाखला दिला. काकू म्हणाल्या, दुसरा चमचा निम्मा तोच असतो, मग हिशेब कसा धरायचा. मागच्या रांगेत कुणीतरी वही काढली. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटून सभेचं काम सुरू ठेवायला सांगितलं, आणि जाता जाता एवढंच म्हणाले की पाण्याचं कुणी त्यांना शिकवू नये. पहिला चमचा शुद्ध लाल, दुसरा भेसळीचा, तेव्हा निळ्यात लाल जास्त, विषय संपला. अध्यक्षांनी विषय संपवला की तो मिटतो असा इमारतीचा शिरस्ता आहे. त्या दिवशी तो मोडला. दंतवैद्य उभे राहिले.

तेवढ्यात चादरीवरची मुलगी हलली. तिने मान वर केली, वळली, तिचा चेहरा उजळला होता. "बाई," ती म्हणाली, "मला कळलं. त्या दोन्ही—"

आणि गॅलरी थांबली. चादरीवर एक सूचना आली की मोफत योजनेत व्हिडिओ इथपर्यंतच दाखवला जातो. भाच्याच्या साहेबांनी त्या दिवशी त्याला आणखी थोडं उशिरा बोलावलं असतं, तर ही मर्यादा मला वेळेवर कळली असती.

मोठी माणसं एवढी कळवळलेली मी कधी बघितली नव्हती. नात सभेला नव्हती, अभ्यास करत घरी होती. सगळी पार्किंग माझ्याकडे वळली आणि उत्तर विचारू लागली. मी म्हटलं, मी उत्तर सांगत नाही, खोली दुपारी उघडी असते. हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. सवयीने तोंडातून गेलं. सेक्रेटरींनी ठराव मतास टाकायला हात वर करायला सांगितलं, तर लोकांनी विचारलं, लालच्या बाजूने की निळ्याच्या. काही सभासद ग्लास आणायला वर गेले ते आलेच नाहीत. शेवटी आवश्यक तेवढी माणसं खुर्च्यांवर उरली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली. अध्यक्षांनी जाहीर केलं की येत्या रविवारी पुन्हा सभा भरेल. त्यात आधी ते या पाण्याचा निकाल लावतील, मग व्यायामशाळेचा.

तो आठवडा मी विसरणार नाही. ज्या दारावरून जावं त्या दारामागे चमचे वाजत होते. दंतवैद्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या एका पेशंटला त्यांनी बराच वेळ तसंच ठेवलं, असं काकू सांगत होत्या. दोन गट पडले, आणि दोघेही जिन्यात मला गाठून फक्त मान हलवायची विनंती करायचे. मी मान सरळ ठेवून चालायला शिकले. अध्यक्षांचं उत्तर चूक होतं, एवढं तुम्हाला सांगायला हरकत नाही. यापुढे मी जाणार नाही.

माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती, आणि ती लक्षात आल्याचा मला अभिमान नव्हता. हे कोडं सुटेपर्यंत खोलीला कुणी हात लावणार नव्हतं. कोडं सुटलं की लोकांना पुन्हा व्यायाम आठवणार होता. आणि उत्तर माहीत असलेली एक व्यक्ती अध्यक्षांच्याच घरात, त्यांच्याच ताटाशेजारी जेवायला बसत होती.

शुक्रवारी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. आजोबा फार त्रास करून घेतात, म्हणाली. जेवताना आमटीत चमचा फिरवत बसतात. आईला ओरडतात. काल त्यांनी तिला जवळ बसवून विचारलं, चूक की बरोबर एवढंच सांग.

"सांगू का त्यांना, बाई?"

ओठांवर "नको" आलं होतं. "नको" म्हणायला माझ्याकडे उत्तम शैक्षणिक कारणं होती, ती मी जन्मभर वापरत आले आहे. पण ती माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि खोलीतल्या त्या कोटांच्या दुपारनंतर तिच्यापुढे आणखी एक नमुन्यादाखल गोष्ट बोलायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "उत्तर तू काढलं आहेस, म्हणजे ते तुझं आहे. सांगावंसं वाटलं तर सांग."

ती दप्तर घेऊन गेली. मी चटया झाडल्या, गुंडाळल्या, फळा पुसला. हे खाली आले आणि खोली कधी रिकामी करायची, खोके लागतील का, असं विचारू लागले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विषय बदलला आणि मीटरच्या खोलीतल्या एका लोंबत्या वायरचा फोटो काढला.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली. चटई पसरून झाल्यावर तीच म्हणाली, की तिने सांगायला सुरुवात केली होती. आजोबांसमोर दोन ग्लास ठेवून तिने पहिलं वाक्य म्हटलं, आणि आजोबांनी एकदम दोन्ही कानांवर हात ठेवले.

"का?"

"म्हणाले, थांब, सांगू नकोस. पहिला चमचा मला कळलाय, दुसऱ्याचंच अडलंय." तिने पेन्सिल काढली, टोक तपासलं. "मग मी गप्प बसले. तुम्ही बसता तशी. ते पण गप्प बसले. खूप वेळ."

मी फळ्याकडे वळले आणि उगाच खडू शोधला. "आणि उद्याची सभा?"

"ती नाहीये," ती म्हणाली. "आजोबांनी सेक्रेटरीकाकांना फोन करून सांगितलं, उद्या वेळ नाही."